घरच्या कंपनीचे कागद: मागण्याचा हक्क आणि त्याची सीमा



शेतजमिनीच्या वादात सातबारा दोन्ही भावांना मिळतो. मालाच्या बिलावरून दोन व्यापारी कोर्टात गेले, तर बिलाची एक प्रत विकणाऱ्याच्या फायलीत असते आणि दुसरी घेणाऱ्याच्या. घरच्या कंपनीचे भांडण असे नसते. तिथे कीर्द, खतावणी, बँकेची स्टेटमेंटे, सभांची इतिवृत्ते, टॅलीचा पासवर्ड हे सगळे एकाच बाजूच्या ताब्यात असते. दुसऱ्या बाजूकडे शेअर सर्टिफिकेट असते आणि आठवणी असतात. आत काय घडले ते सिद्ध करण्याचे ओझे मात्र ज्याला बाहेर बसवले त्याच्यावर. म्हणून या प्रकरणांत खरी पहिली लढाई कागदांची असते. पैशांची लढाई नंतर येते आणि पुष्कळदा येतही नाही, कारण कागदांच्या अर्जावरच वर्षे निघून जातात आणि बाहेर बसलेला माणूस मिळेल त्या किमतीला आपले शेअर सोडून देतो.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. कागद मागण्यावर मर्यादा हवी, नक्की हवी. पण ती वादाच्या प्रश्नावरून ठरावी, कपाटाची किल्ली कोणाकडे आहे यावरून ठरू नये. आज आपल्याकडे ती फार वेळा किल्लीवरून ठरते.

या विषयातला सर्वांत बोलका निकाल बार्बाडोस बेटावरून आला. जॉन ब्लॅकवुड नावाच्या अभियंत्याचा तिथे चालता व्यवसाय होता. तो वारल्यावर धंद्याची कंपनी झाली आणि शेअर त्याची बहीण आणि पुढच्या पिढीतले दोन वारस यांच्यात वाटले गेले. बहुमत बहिणीच्या बाजूकडे राहिले, कारभार तिच्या नवऱ्याकडे गेला. धंदा बुडाला नाही, उलट चांगला चालला. पण सर्वसाधारण सभा भरत नव्हत्या, हिशेब मांडले जात नव्हते, ताळेबंद अल्पमतातल्या नातलगांना मिळत नव्हते. कंपनी गुंडाळा, असा अर्ज त्यांनी केला. बार्बाडोसच्या न्यायाधीशांनी तो मान्य केला, वरच्या न्यायालयाने फिरवला, आणि १९२४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने पहिला आदेश पुन्हा उभा केला. त्या काळी आपलीही अंतिम अपिले तिथेच जात. माहिती न देण्यामागचा हेतू त्या न्यायमूर्तींना स्पष्ट दिसला होता: नातलगांना अंधारात ठेवायचे आणि त्यांचे शेअर कमी किमतीत घ्यायचे.

या निकालातल्या दोन गोष्टी माझ्या पुढच्या सगळ्या मांडणीचा पाया आहेत. एक, माहिती दडवणे हाच तिथे अन्याय होता. पैसे खाल्ले की नाही हा प्रश्न नंतरचा. दुसरी गोष्ट वकील क्वचित सांगतात. संचालकांवरचा विश्वास उडाला असेल तर तो त्यांच्या कंपनीतल्या वागण्यामुळे उडालेला असला पाहिजे, त्यांच्या खासगी आयुष्यामुळे नव्हे, आणि केवळ मतदानात हरल्याच्या रागाने तर नव्हेच, असे त्याच निकालात बजावले आहे. म्हणजे हक्क आणि सीमा दोन्ही एकाच ठिकाणी सांगितलेल्या आहेत. घरातली लग्ने, रुसवे, कोणी कोणाच्या बारशाला आले नाही, याचे कागद कोर्टाने मागवायचे नाहीत. सभा का झाली नाही, याचे मागवायचे.

पुढे १९७२ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने इब्राहिमी यांच्या खटल्यात या विचाराला नाव आणि आकार दिला. गालिच्यांचा व्यापार करणारे दोन भागीदार. १९५८ मध्ये त्यांनी भागीदारीची कंपनी केली, मग एका भागीदाराचा मुलगा आत आला, आणि १९६९ मध्ये बाप-लेकांनी मिळून इब्राहिमींना संचालकपदावरून काढले. लाभांश कधी वाटलाच जात नव्हता; नफा संचालकांच्या मोबदल्यातून वाटला जाई. पद गेले तसे उत्पन्नही गेले. हा हिशेब कोल्हापूर, इचलकरंजी, सोलापूर, नाशिक इथल्या कितीतरी घरच्या कंपन्यांना लागू पडतो, हे इथे बसलेल्या सनदी लेखापालांना मी सांगायला नको. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंद ओव्हरसीज प्रकरणात हे तत्त्व मान्य केले, पण सावधपणे: कंपनी मुळात भागीदारीच्या स्वभावाची आहे हे आधी दाखवावे लागेल. २०२१ मध्ये टाटा सन्सच्या निकालातही, ती कंपनी अशा स्वभावाची नाही, असेच न्यायालयाने म्हटले.

आज आपल्याकडे घरच्या कंपनीतला दुखावलेला भागधारक दोन दारांनी जाऊ शकतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २७१ प्रमाणे, कंपनी गुंडाळणेच न्याय्य आणि उचित आहे, असे सांगत. किंवा कलम २४१ प्रमाणे दडपशाही आणि गैरकारभाराची तक्रार घेऊन. तिथे न्यायाधिकरण कंपनी चालू ठेवून एका बाजूला दुसरीचे शेअर विकत घ्यायला सांगू शकते. दोन्ही दारे एकाच इमारतीत उघडतात: राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, २०१६ पासून.

आता कागदांकडे वळू.

दस्तऐवज उघड करायला लावण्याची, म्हणजे ज्याला आपण कोर्टात सरळ डिस्कव्हरी म्हणतो तिची, सर्वांत रुंद कसोटी १८८२ च्या पेरुव्हियन ग्वानो खटल्यातली. ज्या कागदामुळे चौकशीचा एखादा नवा धागा हाती लागू शकेल, तोही उघड करा, असे ती सांगे. तिच्या नावावर इंग्लंडमध्ये पुढची शंभर वर्षे कागदांचे ढीग कोर्टात आले, आणि अखेर १९९९ च्या नव्या दिवाणी नियमांनी ती कसोटी सर्वसाधारण वापरातून काढून टाकली. आपल्याकडे एम. एल. सेठी विरुद्ध आर. पी. कपूर या १९७२ च्या निकालाने मध्यम वाट दिली: मागितलेला कागद पुराव्यात ग्राह्य असलाच पाहिजे असे नाही, पण वादातल्या मुद्द्यावर त्याने प्रकाश पडला पाहिजे. त्याच वर्षी राजनारायण यांच्या प्रकरणात प्रश्नावलीबद्दल न्यायालयाने दुसरी बाजू सांगितली. उलटतपासणीत विचारता येतील ते सगळे प्रश्न आधी लेखी विचारता येत नाहीत. काहीतरी सापडेल या आशेने जाळे टाकायचे नाही. हे दोन निकाल शेजारी ठेवले की आपल्या कायद्याचा खरा स्वभाव दिसतो.

न्यायाधिकरणाला हे करायचे अधिकार आहेत का? पूर्ण आहेत. कलम ४२४ प्रमाणे दस्तऐवज उघड करायला आणि हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्याला मिळालेले आहेत. न्यायाधिकरणाच्या २०१६ च्या नियमांतला नियम ४३ तर सांगतो की आदेश देण्यापूर्वी जास्तीचा पुरावा मागवता येईल, आणि वैधानिक नोंदी बनावट असल्याचा आरोप झाला तर त्या न्यायवैद्यक तपासणीसाठी पाठवता येतील. अधिकार आहे. नाही ते कर्तव्य, आणि मला सर्वांत जास्त खटकते ते इथेच.

इचलकरंजीच्या सुताच्या व्यापाऱ्याने तीन लाखांच्या बिलासाठी व्यापारी न्यायालयात दावा लावला, तर २०१५ च्या कायद्याने बदललेल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ प्रमाणे दोन्ही पक्षांना आपल्याकडचे सर्व संबंधित कागद सुरुवातीलाच उघड करावे लागतात. आपल्या बाजूचे आणि आपल्या विरुद्ध जाणारेही, सत्यतेच्या शपथेसह. पण त्याच गावातल्या बहिणीने भावांच्या हातातल्या कंपनीत आपल्या तीस टक्के शेअरचा प्रश्न नेला, तर तिला असे काही मिळत नाही. ती व्यापारी न्यायालयात जाऊही शकत नाही, कारण कलम ४३० ने दिवाणी न्यायालयाचे दार या विषयाला बंद केले आहे. न्यायाधिकरणापुढे बहुतेक प्रकरणे शपथपत्रांवर चालतात. शपथपत्राला कोणते कागद जोडायचे हे ज्याच्याकडे कागद आहेत तोच ठरवतो. सुताच्या बिलाला जे संरक्षण आहे ते बापाने उभारलेल्या कारखान्यातल्या मुलीच्या हिश्शाला नाही. यात संसदेचा काही विचार होता असे मला दिसत नाही. दोन कायदे वेगवेगळ्या वेळी झाले आणि मधली फट कोणी बुजवली नाही.

ती फट बुजेपर्यंत न्यायाधिकरणाने काय करावे? मागितलेल्या कागदांत एक भेद करावा. काही कागद अर्जदाराला तो सभासद किंवा संचालक आहे म्हणूनच देय आहेत, भांडण असो वा नसो. कलम ९४ प्रमाणे सभासदांचे रजिस्टर. कलम ११९ प्रमाणे सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते. कामाच्या दर दिवशी किमान दोन तास ती सभासदाला पाहता आली पाहिजेत. कलम १३६ प्रमाणे लेखापरीक्षित ताळेबंद. आणि तो अजून संचालक असेल तर कलम १२८ प्रमाणे सगळी हिशेबाची पुस्तके, मागच्या आठ आर्थिक वर्षांची, कारण तेवढी जपणे कंपनीवर बंधनकारक आहे. हे मागताना प्रस्तुतता दाखवा, कारण सांगा, आरोपाचा तपशील द्या असे म्हणण्याचा कोणालाच अधिकार नाही. इतिवृत्ते नाकारली तर तत्काळ पाहणीचा आदेश देण्याचा अधिकार कलम ११९ नेच न्यायाधिकरणाला दिलेला आहे. तरीही असे अर्ज मूळ याचिकेबरोबर पुढच्या तारखेला, मग त्याच्या पुढच्या तारखेला ढकलले जातात. देय असलेली गोष्ट मागणीच्या रांगेत उभी राहते.

बाकीचे कागद वेगळे. संचालक मंडळाची इतिवृत्ते सामान्य सभासदाला देय नाहीत. पत्रव्यवहार, करार, व्हाउचर, ग्राहकांचे दर, मोबाइलवरचे संदेश हेही नाहीत. ते वादी म्हणून, मुद्दा दाखवूनच मिळतील. इथे मर्यादा कडक असावी, आणि ती का असावी हे मी अर्जदारांच्या वकिलांनाही तितक्याच आस्थेने सांगतो. समजा, वेगळा झालेला भाऊ शेजारच्या औद्योगिक वसाहतीत तसाच कारखाना काढून बसला आहे. त्याला जुन्या कंपनीच्या ग्राहकांच्या दरपत्रकांची गरज अन्याय सिद्ध करायला नसते. मूल्यांकनासाठी ती खरोखर लागली, तर वकील आणि नेमलेल्या लेखापालापुरती ती खुली करावीत, पक्षकाराच्या हातात जाऊ नयेत. वहिनीच्या बँक खात्याचे, वडिलांच्या एकत्र कुटुंबाच्या खात्याचे, भावाच्या वैयक्तिक आयकर विवरणाचे कागदही असेच. कंपनीतून विशिष्ट रक्कम तिथे गेली असा नेमका आरोप असेल तर त्या रकमेपुरते, नाहीतर अजिबात नाही.

घराण्यात एकीच्या पोटी दुसरी अशा कंपन्या असतात, आणि मालमत्ता बहुधा खालच्या कंपनीत असते. संचालकालाही उपकंपनीची पुस्तके पाहायची तर मंडळाचा ठराव लागतो, असे कलम १२८ सांगते. आणि मंडळ तर समोरच्या पक्षाचे. उपकंपनीचे कागद आपोआप मूळ कंपनीच्या अधिकारात येत नाहीत, हे इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८० मध्ये शेल कंपनीविरुद्धच्या लॉनऱ्होच्या खटल्यात ठरवले. मोठ्या, स्वतंत्र कारभाराच्या कंपन्यांसाठी ते योग्यच आहे. पण त्याआधी दोन वर्षे, एका घटस्फोटाच्या प्रकरणात न्यायमूर्ती डन यांनी असेही म्हटले होते की कंपनी पूर्णपणे नवऱ्याच्या मुठीत असेल, तिची आणि त्याची इच्छा एकच असेल, तर तिचे कागद त्याच्याच अधिकारात आहेत असे धरता येते. घरच्या कंपन्यांना ही दुसरी कसोटी जास्त लागू पडते. चार कंपन्यांचे तेच दोन संचालक, तोच पत्ता, तोच अकाउंटंट आणि टॅलीत शेजारी शेजारी चार नावे असतील, तर कायद्यातल्या वेगळेपणाने कपाट बंद राहू नये.

वकिलाचा सल्ला हा त्याहून नाजूक प्रश्न. कंपनीने कंपनीच्या पैशाने घेतलेला कायदेशीर सल्ला भागधारकाला पाहता येतो का? इंग्लंडमध्ये सव्वाशेहून अधिक वर्षे उत्तर होते: सामान्यतः हो, फक्त त्याच भागधारकाशी चाललेल्या भांडणाबद्दलचा सल्ला सोडून. पैसा शेवटी भागधारकांचा, ही त्यामागची कल्पना. जुलै २०२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने बर्म्युडाहून आलेल्या जार्डिन स्ट्रॅटेजिक प्रकरणात हा नियम मोडीत काढला. कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती आहे, तिचा पैसा तिचाच आणि तिचा वकीलही तिचाच, असे त्यांनी म्हटले. भारतावर तो निकाल बंधनकारक नाही. आपल्याकडे हे संरक्षण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ ते १३४ मध्ये आहे. मोठ्या कंपनीच्या बाबतीत मला हा निकाल पटतो. घरच्या कंपनीबद्दल एक अट मी जोडीन: बहिणीविरुद्धच्या भांडणात भावांनी आपल्या बाजूचा वकील कंपनीच्या खर्चाने लावला असेल, तर सल्ला गुप्त राहू द्या, पण बिल उघड करा. कंपनीचा पैसा भागधारकांच्या आपसातल्या युद्धासाठी नसतो, आणि तो किती गेला हे जाणण्याचा हक्क तिला आहेच.

जी मर्यादा मला मुळीच मान्य नाही ती आता सांगतो. अर्जदार म्हणतो, खरेदी फुगवून दाखवली. उत्तर येते, कोणती खरेदी, कोणत्या तारखेची, किती रुपयांची ते सांगा. आरोप मोघम आहेत, म्हणून कागद देऊ नयेत. फसवणुकीचा आरोप तपशीलवार असावा हा नियम चांगला आहे, पण तो ज्याच्याकडे तपशील असू शकतो त्याच्यासाठी आहे. या बाबतीत वाट दाखवणारा निकाल कंपनी कायद्यातला नाही, तो जालन्याच्या निवडणुकीतला आहे. अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले की नाही याचे चित्रीकरण निवडणूक अधिकाऱ्यांकडे होते, आणि त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र ते पुन्हा पुन्हा मागूनही देत नव्हते. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतेच. पण ज्याच्या हाती ते यंत्र नाही त्याने प्रयत्न केला आणि ते नाकारले गेले, तर कायदा अशक्य गोष्टीची सक्ती करत नाही, न्यायालयाने ते मागवून घ्यावे. घरच्या कंपनीतला बाहेर बसलेला भागधारक नेमका याच जागी असतो. त्याने व्यवहाराचा प्रकार सांगितला, कालावधी सांगितला, संशयाचे एखादे ठोस कारण दिले, म्हणजे उदाहरणार्थ एका वर्षात कच्च्या मालाचा खर्च वाढला आणि उत्पादन तेवढेच राहिले, तर त्या वर्षांची खरेदीची खतावणी मिळालीच पाहिजे. सगळ्या वर्षांचे सगळे मागितले, तर नाकारावे.

कागद नाहीत, असेही उत्तर येते. पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रकरणांत २००५ चा किंवा ऑगस्ट २०१९ चा पूर आधार म्हणून पुढे येतो, आणि अनेकांच्या बाबतीत तो अगदी खरा असतो. कोल्हापूर-सांगलीत किती कारखाने पाण्याखाली गेले ते आपण पाहिले आहे. पण हिशेब संगणकावर ठेवणाऱ्या कंपनीने त्यांची प्रत रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवली पाहिजे, असा आता नियम आहे. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद, कोणत्या तारखेला काय बदलले ती, बंद करता येणार नाही अशी असावी लागते, आणि लेखापरीक्षकाला त्यावर अभिप्राय द्यावा लागतो. डिस्कव्हरीच्या अर्जांत ही नोंद अजून फारशी मागितली जाताना मला दिसत नाही. मागावी, आणि ठरावीक व्हाउचरांपुरतीच मागावी. लहान, नेमकी, कोणाचे गुपित न फोडणारी अशी ही मागणी असते, आणि एखादी नोंद याचिका दाखल झाल्यावर बदलली गेली असेल तर त्या बदलाची नोंद शंभर पानांच्या शपथपत्राहून जास्त सांगते.

आदेश न पाळल्यास काय? आदेश ११ च्या नियम २१ प्रमाणे बचाव रद्द करता येतो, पण बब्बर शिलाई मशीन कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो अखेरचा उपाय ठरवला, जाणूनबुजून केलेल्या अवज्ञेपुरता. मग उरते कागद दडवणाऱ्याविरुद्ध अनुमान काढणे. पण अनुमानाने रक्कम ठरत नाही.

आणि ही प्रकरणे अखेर रकमेवर येऊन थांबतात. एक बाजू दुसरीला विकत घेते. म्हणून १९९९ चा ओ'नील विरुद्ध फिलिप्स हा निकाल मी दर वेळी तरुण वकिलांना वाचायला सांगतो. अल्पमतातल्या भागधारकाला वाजवी प्रस्ताव मिळाला असेल तर त्याची अन्यायाची तक्रार उरत नाही, असे लॉर्ड हॉफमन यांनी त्यात सांगितले. पण वाजवी कशाला म्हणायचे? किंमत योग्य हवी, ती जाणत्या तज्ज्ञाने ठरवलेली हवी, आणि किमतीशी संबंध असलेली कंपनीची माहिती दोन्ही बाजूंना सारख्याच हक्काने मिळायला हवी. तो वाद घराण्याचा नव्हता, मालक आणि त्याने पुढे आणलेल्या माणसाचा होता, तरी ही अट घरच्या कंपनीला तंतोतंत बसते. तिने मर्यादेचा प्रश्नही सुटतो. मूल्यांकनाला वीस वर्षांची भांडणे लागत नाहीत. तीन-चार वर्षांचे हिशेब, जमिनीचे उतारे, येणी-देणी, संबंधितांशी झालेले व्यवहार, संचालकांचा मोबदला पुरतो. न्यायाधिकरणाने पहिल्याच टप्प्यावर विचारावे की तुमच्यापैकी कोणी कोणाचे शेअर घ्यायला तयार आहे का, आणि हो असेल तर कागदांचा आदेश त्या मूल्यांकनाच्या मापाने कापावा. दोन्ही पक्षांची कितीतरी वर्षे त्याने वाचतील.

शेवटी जिचे नावच रजिस्टरवर नाही तिच्याबद्दल. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी आणि विधवा या पहिल्या वर्गाच्या वारस झाल्या; महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला जन्मापासून सहदायाद केले. शेअर तिचे होतात, पण सभासद म्हणून नोंद करून घेणे कंपनीच्या हातात, म्हणजे पुन्हा समोरच्याच पक्षाच्या हातात असते. ती नोंद नाकारली तर कलम ५८ प्रमाणे अपील करावे लागते. वर्ल्ड वाइड एजन्सीज विरुद्ध मार्गारेट डेसर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वारसांना मोठा आधार दिला: मृत भागधारकाच्या कायदेशीर वारसांचे नाव रजिस्टरवर चढले नसले, तरी ते दडपशाहीची याचिका करू शकतात. पण याचिका करता आली म्हणून कलम ९४ किंवा ११९ चे सभासदाचे हक्क तिला आपोआप मिळत नाहीत. जे कागद इतर कोणत्याही भागधारकाला मागताक्षणी द्यावे लागतात, तेच तिला वादी म्हणून, प्रस्तुतता दाखवत मागावे लागतात. जिचा नवरा त्या कारखान्यात आयुष्यभर राबला, तिला त्याच कारखान्याचा ताळेबंद पाहायला मुद्दा सिद्ध करावा लागतो. तिचे वारसत्व वादात नसेल, तर नोंदणीचे अपील सुटायची वाट न पाहता, रजिस्टर, सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते आणि आठ वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद तिला देण्याचा आदेश न्यायाधिकरण कलम ४२४ खाली आजच देऊ शकते. त्याला नवा कायदा लागत नाही, आणि तो अर्ज सुनावणीच्या पहिल्याच तारखेला निकाली काढता येतो.